समक्ष हजर राहावे

मोजणीदार गेल्याचे वृत्त गावाच्या ग्रुपवर आले, तेव्हा दुपारपर्यंत एकशे चाळीस जणांनी हात जोडले. ज्या ॲडमिनने त्यांना चार वेळा ग्रुपमधून काढले होते, त्यानेच "ग्रुपची कधीही न भरून येणारी हानी" असे लिहिले. एका सद्गृहस्थाने घाईत वाढदिवसाचा केक पाठवला आणि त्यालाही सात जणांनी नमस्कार केला. मी हे सारे वाचत बसलो आणि मनात एक अनुदार विचार आला. ईश्वर मला क्षमा करो. मृत माणूस नोटीस काढू शकत नाही, एवढ्या एका खात्रीवर गाव इतके उदार झाले होते.

आमचे गाव हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा या गावापासून फार दूर नाही. गावात मारुतीचा पार आहे, शाळा आहे, आणि आता दोनशे बारा माणसांचा तो ग्रुप आहे. मोजणीदार भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. सेवाकाळात त्यांनी जिल्ह्यातील अर्धे बांध साखळीने मोजले आणि भावाभावांची भांडणे नकाशावर उतरवली. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते माणसांकडे वळले. चालताना पावले मोजत. देवळात प्रदक्षिणा घालतानाही ओठ हलत, आणि भाविकांना वाटे की नामस्मरण चालले आहे.

ते ग्रुपवर आले आणि पहिल्याच आठवड्यात मला त्यांची नोटीस मिळाली. ती ग्रुपवर आली नव्हती. ते स्वतः माझ्या ओसरीवर आले, छत्री भिंतीला टेकवली आणि कार्बन लावून लिहिलेला कागद माझ्या हाती दिला. त्यावर लिहिले होते की, आपण रोज प्रातःकाळी ग्रुपवर जे निरूपण टाकता, ते सात मिनिटांचे असून त्यातील विषय दोन मिनिटांचा आहे. सदर बाबीवर येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मारुतीच्या पारावर टीका करण्यात येणार आहे. आपण समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली हरकत नाही असे समजून टीका पूर्ण करण्यात येईल.

"सही करा बुवा. पोहोच पायजे मला."

"अहो, पण टीकाच करायची तर आत्ता करा. मी समोर बसलो आहे."

"आशी कशी करू? लगतच्या कब्जेदारांना नोटीस जायची हाय अजून."

जमीन मोजताना ज्यांची शेते त्या जमिनीला लागून असतात, त्या शेजाऱ्यांनाही बोलवावे लागते, हे मला ठाऊक होते. निरूपणाला शेजारी कोण, हे मात्र ठाऊक नव्हते. मोजणीदारांनी ते शोधून ठेवले होते. ग्रुपवर माझ्या निरूपणाच्या लगेच वर ज्याचा मजकूर होता तो एक, आणि लगेच खाली ज्याचा होता तो दुसरा. वरच्याला दोन बोकड विकायचे होते. खालचा गृहस्थ रोज गुलाबाचे चित्र टाकून शुभ सकाळ म्हणत असे.

गुरुवारी आम्ही चौघे पारावर बसलो. बोकडवाला दाढी खाजवत होता. गुलाबवाल्याने त्या निमित्ताने नवे धोतर नेसले होते. मोजणीदारांनी हातातल्या घड्याळावर नजर ठेवून माझे निरूपण मोबाइलवर लावले, विषय कुठे सुरू होतो तिथे बोट वर केले, कुठे संपतो तिथे खाली घेतले.

"पाह्यलं? पाच मिन्टं तुमी बांध कोरून राहिले. लोकायच्या रानात घुसून राहिले. ह्याचे बोकडं तुमच्यापायी खाली दबून गेले."

"व्हय, ते खरं हाय," बोकडवाला म्हणाला. "एक बी फोन न्हाई आला."

"ज्ञानाची मोजणी मिनिटांनी होत नसते," मी म्हणालो. चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाला असे एखादे वाक्य नेहमी हाताशी सापडते.

"ज्ञान न्हाई मोजलं बुवा. पाल्हाळ मोजलं. ज्ञानाला हात बी न्हाई लावला."

त्यांनी पंचनामा लिहिला, आमच्या सह्या घेतल्या, आणि बोकडवाल्याकडून सर्वांना चहा पाजवला. मी तीन दिवस रुसलो. चौथ्या दिवशी निरूपण तीन मिनिटांचे केले. त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. स्तुतीविषयी त्यांचे मत ठरलेले होते, "ज्याचा बांध बराबर हाय, तो कधी अर्ज करतो का?"

घरातही हाच न्याय. एकदा त्यांनी पत्नीला वरणातील मिठाविषयी नोटीस दिली. काकूंनी कागद वाचला, पाठीमागे पेन्सिलीने "हरकत आहे" असे लिहून परत दिला, आणि चूल पेटवली नाही. मोजणी तहकूब झाली. त्यानंतर त्यांनी घरातली एकही नोटीस काढल्याचे ऐकिवात नाही, आणि काकूंच्या वरणात मीठ जास्तच राहिले.

ग्रुपला त्यांचा त्रास वेगळ्याच कारणाने होई. ते तिथे कोणाविरुद्ध काहीच लिहीत नसत. एखाद्याची चेष्टा सुरू झाली, की ते एकच ओळ टाकत: "सदर इसम हजर आहे काय?" ती ओळ वाचून चेष्टेतली मजा निघून जाई. आणि चेष्टा पसरली, माणसावरून त्याच्या आईबापांवर गेली, की दुसरी ओळ येई: "वाद धुऱ्याचा असेल तर धुराच मोजावा. त्याच्या बापाची विहीर मोजू नये." धुरा म्हणजे आमच्याकडे बांध. ॲडमिन खतांचे दुकान चालवतो, गिऱ्हाईक नाराज झालेले त्याला परवडत नाही. तो त्यांना काढून टाकी. ते दुकानात जाऊन पुन्हा घेण्याविषयी लेखी अर्ज देत, आणि अर्जाची पोहोच मिळेपर्यंत खतांच्या पोत्यावर बसून राहत.

मी हे सारे विनोदी म्हणून सांगत होतो, आणि बराच काळ ते मला विनोदीच वाटले. पुढे सुमनबाईंचे प्रकरण घडले.

सुमनबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवीत. अकरा वर्षे त्यांनी ते काम केले. घरी चार शेळ्या, नवरा वारलेला, आणि त्या कामावरच घर. एका मंगळवारी एका आईने आपल्या मुलीच्या ताटाचे छायाचित्र ग्रुपवर टाकले. खिचडीच्या कडेला काहीतरी पांढरे, बारीक, वळलेले होते आणि त्याभोवती लाल वर्तुळ काढलेले होते. खाली लिहिले होते, "आपल्या लेकरांच्या ताटात अळ्या! झोपले का सगळे?"

गाव झोपलेले नव्हते. पुढच्या तासाभरात गावाने जे लिहिले ते मी येथे उतरवणार नाही. हाकला तिला, येथून आरंभ झाला. मग तिच्या शेळ्या स्वयंपाकघरात फिरतात असे कोणी लिहिले, कोणी तिच्या हातांविषयी लिहिले, कोणी तिच्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत पोहोचले. बापाची विहीर तर मोजलीच, आजाचा खड्डाही मोजला. शाळेच्या समितीच्या अध्यक्षांनी शनिवारी अकरा वाजता बैठक जाहीर केली. विषय एकच होता: सुमनबाईंना काढणे.

मी कठोर शब्द लिहिणारा नव्हे. मी केवळ अन्नाच्या पावित्र्याविषयी एक सुभाषित टाकले, खाली मराठीत अर्थ दिला. कोणाचे नाव घेतले नाही. त्याला एकसष्ट जणांनी हात जोडले. इतके नमस्कार मला नवरात्रातल्या निरूपणालाही कधी मिळाले नव्हते. त्या रात्री मला समाधानाची झोप लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मोजणीदारांची ओळ आली: "सदर बाई हजर आहेत काय?" त्या नव्हत्या. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन होता. ग्रुप म्हणजे काय हे त्यांना पिठाच्या गिरणीत कळले. बुधवारी निम्म्या पोरांनी घरून डबा आणला होता आणि शिजवलेली खिचडी पातेल्यात तशीच राहिली होती. ॲडमिनने मोजणीदारांना काढले. ते चौथ्यांदा.

गुरुवारी सकाळी ते माझ्याकडे आले. खिशातून कागदाची पुडी काढली, ती उलगडली. आत भिजवून मोड आणलेली मटकी होती.

"हे पाहा. मंगळवारी खिचडीत मटकी होती. शिजल्यावर मोड सुटून येतो. फोटोत हेच हाय. शाळेत जाऊन शिजवून पाह्यलं म्या, चार येळा."

मला हायसे वाटले. "मग प्रश्नच मिटला! लिहा ग्रुपवर. किंवा मला सांगा, मी लिहितो."

"न्हाई."

"म्हणजे?"

"ग्रुपवर निकाल द्यायचा न्हाई. शनिवारी नऊ वाजता शाळेच्या सैंपाकघरात मोजणी हाय. ज्यानं ज्यानं लिहिलं त्यानं यायचं. आपलं लिहिलेलं तिच्यासमोर वाचायचं. मंग निकाल."

"अहो, अकराला बैठक आहे! कोणी आले नाही तर ती बाई कामावरून जाईल. तुमच्या हट्टापायी तुम्ही तिचे अन्न पणाला लावले आहे."

ते पुडीची घडी घालू लागले. एरवी कोणतेही वाक्य ते असे मोजून बोलत की त्याला जोडवाक्य नसे. त्या दिवशी मात्र ते सलग बोलले.

"सेनगाव तालुक्यात एक म्हातारा होता. त्याला नोटीस न देता मोजलं म्या. घाई होती. मोजणी बराबर होती बुवा, इंचभर बी चूक न्हाई, त्याचा बांध खरंच दोन हात पुढं होता. तो सांजच्याला आला अन् पाह्यलं तर खुणा गाडलेल्या. परत त्या रानात पाय ठेवला न्हाई त्यानं. पोरं सांगायची, बाबाला इचारलं रानात काहून येत न्हाईत, तर म्हणायचा, मला न इचारता माझी हद्द ठरली, आता ते रान माझं न्हाई." त्यांनी पुडी खिशात ठेवली. "समजा अळीच असती. तरी बी नोटीस पायजे होती. मी मटकी दाखवून सोडवलं तिला, तर लोक म्हणतील, मटकी होती म्हणून वाचली. म्हणजे अळी निघाली की हाणायची सोय हायेच."

"आणि तुमचा हट्ट चुकला तर?"

"तर दहाला मीच जाऊन अध्यक्षाला पुडी दाखवतो. एवढा येडा न्हाई मी."

मग त्यांनी माझ्या हाती कागद दिला. माझ्या नावाची नोटीस होती. मी म्हणालो, "मी कोणाचे नाव घेतलेले नाही. ते सर्वसामान्य विधान होते."

"सर्वसामान्य जमीन नसते बुवा. गट नंबर असतो."

दोन दिवसांत त्यांनी एकेचाळीस घरी पायी जाऊन नोटिसा बजावल्या. कार्बनसाठी हिंगोलीला जाऊन आले, कारण गावात आता कार्बन कोणी विकत नाही. बहुतेकांनी सही दिली नाही. त्यांच्या दारावर त्यांनी नोटीस डकवली आणि तसा शेरा मारला. गावात एकदम लग्नसराईची कळा आली, सगळी दारे कागदांनी सजली. जे मोबाइलवर सिंहासारखे बोलले होते ते दाराआडून "घरी न्हाईत" म्हणून स्वतःच ओरडत होते. खतांच्या दुकानात ॲडमिन चिडला.

"काका, ग्रुपचं ग्रुपात ऱ्हाऊ द्या ना. घरी काहून येऊन राहिले?"

"तुमी तिच्या घरात ग्रुप घेऊन गेले न. मी नुस्ता परत आणून देऊन राहिलो."

शनिवारी नऊ वाजता एकेचाळिसांपैकी तिघे आलो. अध्यक्ष आले, कारण त्यांना तसेही अकराला यायचेच होते. छायाचित्र टाकणारी आई आली, कारण तिच्या दारावरचा कागद तिच्या सासूने वाचला होता. आणि मी गेलो. का गेलो हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते; बहुधा सुभाषिताचा उच्चार कोणीतरी ऐकेल, ही आशा असावी. ॲडमिन शाळेच्या फाटकाशी मोटारसायकलवर बसून राहिला, एक पाय आत, एक बाहेर. मोजणीदारांनी त्याच्याकडे पाहून वहीत लिहिले: "एक इसम हद्दीवर."

सुमनबाईंनी आम्हाला बसायला पोती अंथरली. सर्वांना पाणी दिले. मोजणीदारांनी एका ताटलीत कच्ची मटकी ठेवली, दुसरीत शिजवलेली, तिसऱ्या जागी ते छायाचित्र उघडलेला मोबाइल, लाल वर्तुळ वर करून. मग आईकडे बोट केले.

आई वाचू लागली. "आपल्या लेकरांच्या ताटात..." एवढे वाचून ती ताटलीकडे पाहत राहिली. "मला वाटलं..."

"तुझ्या पोरीला मोड आवडत न्हाईत," सुमनबाई म्हणाल्या. "ती रोज एकएक काढून ताटाच्या कडंला लावती. मला ठाऊक हाय. तिच्यासाठी मी मटकी कमी घालते बी. तू इचारलं असतं, माय, तर सांगितलं असतं."

ती रडली. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले की वस्तुस्थिती स्पष्ट झाली असल्याने पुढील वाचनाची आवश्यकता नाही. ते सुज्ञ गृहस्थ आहेत. त्यांनी स्वतः "कडक कारवाई झालीच पाहिजे" असे लिहिले होते.

"कडक कारवाई झालीच पाहिजे," मोजणीदारांनी त्यांच्या वतीने वहीतून वाचले. "मान्य?"

"मान्य," अध्यक्ष पुटपुटले. "म्हंजे, रद्द."

"बुवा."

माझ्या डाव्या हातात सुमनबाईंनी दिलेला पाण्याचा पेला होता, उजव्या हातात मोबाइल. मी सुभाषित म्हटले. चालीवर म्हटले; ती सवय जात नाही. शेवटच्या चरणावर सुमनबाईंनी भक्तिभावाने हात जोडले.

"अर्थ," मोजणीदार म्हणाले.

"जो अन्नाची विटंबना करतो," मी वाचू लागलो, "त्याच्या हातचे पाणीही..."

पुढे मला वाचता आले नाही. पेला माझ्या हातात होता. त्यावर तिच्या बोटांचे ओले ठसे होते.

सुमनबाईंना संस्कृत समजले नव्हते, मराठी समजले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरे वाटले असते. त्या लगबगीने पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "महाराज, माझं ध्यानातच न्हाई आलं. ठेवा तो गलास खाली. दुकानातून बंद बाटली मागवते मी."

मी पेला तोंडाला लावला आणि सगळे पाणी प्यालो. मडक्यातले होते, गार होते. मोजणीदारांची लेखणी वहीवर चालत होती.

सुमनबाई कामावर राहिल्या. बैठकीत विषय मागे घेण्यात आला. ग्रुपवर ॲडमिनने "विषय संपला" असे लिहिले आणि त्याला ऐंशी जणांनी हात जोडले. ज्यांनी तिला हाकलायला सांगितले होते त्यांनी सर्वांत आधी. मी माझे सुभाषित पुसून टाकतो असे मोजणीदारांना सांगितले, तेव्हा ते छत्री उचलता उचलता थांबले.

"हद्दीची खूण उपटायची न्हाई बुवा. खाली दुसरी खूण गाडा."

मी खाली लिहिले की वरील मजकूर मी चौकशी न करता, त्या बाईंच्या पाठीमागे लिहिला. तो माझा दोष. त्याला कोणीही हात जोडले नाहीत. फक्त गुलाबवाल्याने शुभ सकाळ म्हटले. त्या दिवसाच्या पंचनाम्याची कार्बन प्रत माझ्या देवघरात आहे. माझ्या नावापुढे शेरा आहे: "समक्ष हजर. वाचन अपूर्ण. पाणी प्याले." मोजणीदारांनी केलेली माझी ही एकमेव स्तुती, ती स्तुती आहे अशी माझी समजूत आहे, त्यांना विचारले असते तर त्यांनी नाकारली असती.

ते गेल्यावर महिन्याभराने, एका सकाळी, हट्टा गावच्या एका परिचिताने मला एक संदेश पाठवला. गुलाबाच्या चित्रावर सोनेरी अक्षरांत माझेच सुभाषित होते, माझाच अर्थ होता, हातचे पाणी होते. कुठून कुठून फिरून आले होते देव जाणे. खाली लिहिले होते, "अतिशय सुंदर विचार. सर्वांना पाठवा."

मी मोबाइल ठेवला, पादत्राणे घातली आणि शाळेच्या वाटेला लागलो. सुमनबाई मटकी निवडत बसल्या होत्या. मला पाहताच त्या उठल्या, काही न विचारता मडक्यातून पेला भरला आणि माझ्या हाती दिला.

"आज काहून येणं केलं, महाराज?"

"नोटीस आली होती," मी म्हणालो.